चार कप्प्यांची वाघर

त्या रविवारी दुपारी मी आणि माझ्या बायकोनं मिळून दोरी मारली. आमचं दोघांचं शेवटचं साधं काम तेच. युरियाची दोन पांढरी पोती तिनं उसवली होती, धुतली होती आणि एकाला एक जोडून शिवली होती. ते अंगणात पसरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी सुतळी गेरूच्या पाण्यात बुडवली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. सुतळी ताणायची, मधोमध चिमटीत धरून उचलायची आणि सोडायची. सुतार लाकडावर मारतो तशी लाल रेघ उठते.

"तिकून वढा की जरा. तुमची बाजू खाली गेली."

"माझी न्हाई, तुझा हात वर गेला."

"मी जागची हलले न्हाई. तुमीच बसल्या जागी डुलून राहिलात."

"मंग तूच दोन्हीकडून धर."

दोन रेघा चांगल्या उठल्या, तिसरी वाकडी आली. तिनं डोळे बारीक करून ती बघितली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, वाळल्यावर बघू." मी हात धुतले आणि मेंढरांकडं गेलो. सांजच्याला परत आलो तर ती चुलीपुढं भाकरी टाकत होती. खांद्यातून कळ येऊन राहिली म्हणाली आणि भिंतीला टेकली. तवा चुलीवरच होता. जीप आणायला माणूस पळाला, पण जीप यायच्या आत ती गेली.

ते पोतं कशाला रेघत होतो ते आता सांगतो. आमच्याकडं अजून काही लोक म्हणतात, बायको शाळेत रांगोळ्या काढायची आणि नवरा दोरी धरायचा. म्हणणाऱ्यांना त्यातलं काही कळलं नाही. ती गणित शिकवायची, आणि माझ्या बघण्यात तिच्याइतकं चांगलं कोणी शिकवलेलं नाही.

साखऱ्यापासून आडवाटेला आमची वस्ती. एक घर सोडलं तर सगळी घरं एका भावकीची. मेंढरं, बकऱ्या आणि कोरडवाहू रान. ते एक घर पिंजाऱ्याचं, कापूस पिंजून गाद्या भरणारं, माझ्या आज्याच्या वेळेपासून इथंच असलेलं. मोठी शाळा ओढ्यापलीकडच्या गावात. पावसाळ्यात ओढा भरला की लेकरं घरी, आणि पोरी तर उन्हाळ्यातसुद्धा घरीच. पोरगी एकटी ओढ्यापलीकडं कोण पाठवणार? दोन हजार साल उलटल्यावर सरकारनं वस्तीशाळा काढल्या. वस्तीतल्याच शिकल्या माणसानं वस्तीतल्याच लेकरांना चौथीपर्यंत शिकवायचं. आमच्यात दहावी झालेलं एकच माणूस होतं, माझी बायको.

ती माझ्या मामाची पोरगी. मामानं मेंढरं सोडून नरसीला नारळ-लाह्यांचं दुकान टाकलं होतं, म्हणून तिची शाळा झाली. मी तिसरीतून उठलेला. लग्नात कोणीतरी टोमणा मारला, "नवरदेवाला आहेरात पाटी द्या." मी म्हटलं, "द्या, मेंढरांचं मीठ ठेवायला होईल." ती तेव्हा मुंडावळ्यांच्या आडून हसली होती असं नंतर तिनं मला सांगितलं.

शाळेला इमारत नव्हती. मारुतीच्या देवळापुढं पत्र्याचा मंडप होता, तिथं भरायची. वीस-बावीस लेकरं. फळा गाभाऱ्याच्या भिंतीला टेकवलेला. लेकरं बसली की मारुतीला पाया पडायला येणारी माणसं कडेकडेनं जायची.

पहिल्याच वर्षी तिच्या हातून चूक झाली, आणि त्यात निम्मी चूक माझी. तिनं लेकरांना घरचा अभ्यास दिला, तुमच्या घरी मेंढ्या किती, बकऱ्या किती, मोजून लिहून आणा. लेकरं घरी गेली आणि मेंढरं कोंडताना वाटेत उभी राहून बोटं दाखवून मोजायला लागली. आमच्यात जित्राब मोजत नाहीत. बोट दाखवून मोजलं की नजर लागते. कळप किती आहे ते आकड्यात कोणी बोलत नाही आणि परक्या माणसानं विचारलं तर "हायत देवाच्या दयेनं" एवढंच सांगतात. मी हे सगळं जाणत होतो. पण मला वाटलं, दहावी झालेल्या बाईला एवढं माहीत असेल. ती दुकानात वाढलेली, तिला कुठलं माहीत.

त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाची दोन कोकरं लागण होऊन मेली. तो हातात काठी घेऊन आमच्या अंगणात आला.

"वैनी, तुमी माझं जित्राब मोजायला लावलं."

"मला ठाऊक नव्हतं, भाऊजी."

"तुमाला न्हाई, पन दादाला तर ठाऊक हाय. दादा, तुला काय झालतं?"

त्यानं पोरगी शाळेतून काढली. दुसरीतली होती. दुसऱ्या दिवशी ती बकऱ्यांमागं गेली.

भाऊ गेल्यावर बायको माझ्याकडं वळली. "तुमी काहून न्हाई सांगितलं?"

"तू काहून न्हाई विचारलं?"

"विचारायला आधी ठाऊक पायजे ना, काय विचारायचं ते."

दुसऱ्या दिवशी ती भावाच्या दारात गेली, उंबऱ्यापाशी बसली आणि सरळ म्हणाली, "माझं चुकलं. आता चिंचोके मोजायला लावीन. पोरीला पाठवा." तो लगेच तयार झाला नाही. ती चार-पाच वेळा जाऊन बसली. महिन्यानं पोरगी परत आली. तेव्हापासून शाळेतल्या गणितात मेंढरू आलं नाही. पुस्तकात मेंढ्यांचं गणित असलं तर ती तिथं चिंचोके नाही तर पेरू घालायची.

पण तिची खरी तकलीफ वेगळीच होती. पोरांना बेरीज यायची, वजाबाकी यायची. पण गोष्ट सांगून गणित घातलं की पोरं गोष्ट ऐकतच नव्हती. दोन आकडे दिसले की झडप घालायची आणि मिळवून टाकायची. एका सांजेला मी मेंढरं घेऊन आलो तर ही बांधावर पाटी घेऊन बसलेली.

"समजतच न्हाई त्याइला. आकडा दिसला की कुत्र्यावानी धावतेत."

मी म्हटलं, "सगळं एकदम कोंडायला गेलं की असंच होतंय."

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी. मी काय करून राहिलो ते बघ ना."

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. खुंट्या ठोकून गोल बांधायची. मी आत आडव्या जाळ्या लावून तिचे कप्पे करतो. नुकत्या व्यालेल्या एकीकडं. लंगडी, आजारी एकीकडं. कोकरं वेगळी. बाकी सगळी चौथ्या कप्प्यात. कळप एकच आहे, पण कप्पे केले की कोण कुठलं, कोणाला काय पाहिजे ते बघताक्षणी कळतं. आणि मोजायची गरज पडत नाही. कोकरं आयांकडं सोडली की प्रत्येक कोकरू आपल्या आईला जाऊन लागतं. एखादी आई एकटी ओरडत राहिली तर समजायचं एक कोकरू मागं राहिलं.

ती दोन सांजा बांधावर बसून बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं देवळाच्या मंडपात शेणानं सारवलेल्या जमिनीवर राखेनं मोठी चौकट काढली, तिचे चार कप्पे केले आणि मधे एक गोल ठेवला. मधल्या गोलात गणिताची गोष्ट. पहिल्या कप्प्यात, आपल्याला काय ठाऊक आहे. दुसऱ्यात, विचारलंय काय. तिसऱ्यात चित्र. चौथ्यात उत्तर, आणि ते उत्तर गोष्टीत परत घालून बराबर बसतं का ते. चारी कप्पे भरल्याशिवाय तोंडातून आकडा काढायचा नाही, हा नियम. लेकरांनी तिला नाव ठेवलं वाघर. "बाई, वाघर काढू का?" असं विचारायची.

चित्राच्या कप्प्यात पेरू-बिरू काढत बसायचं नाही असं तिचं म्हणणं. आडव्या काठ्या काढायच्या. जास्त असेल त्याची काठी लांब, कमी असेल त्याची आखूड, एकीखाली एक, डावीकडून टोकाला टोक लावून. वरच्या काठीचा जो तुकडा खाली जोडीशिवाय उरतो, तो फरक. हे तिनं माझ्या आई-कोकराच्या जोडीवरून घेतलं होतं. मला सांगितलं नाही, पण मला कळलं.

नवीन गणित ती आधी माझ्यावर करून बघायची.

"तुमाला जमलं म्हंजी पोराइला जमतंय. तुमच्याइतकं ढ माझ्या शाळंत कोनीच न्हाई."

"मंग मला पहिलीत घाल."

"पहिलीतल्याइला राग यील."

एकदा तिनं मला घातलं, गंगीकडं वीस भाकरी आहेत, त्या रंगीपेक्षा पाचनं जास्त आहेत, रंगीकडं किती? मी म्हटलं पंचवीस. छातीवर हात मारून म्हटलं. तिनं काडी माझ्या हातात दिली. मी गंगीची काठी काढली. मग रंगीची काढायला गेलो आणि हात थांबला. जास्त कोणाकडं आहेत? गंगीकडं. मग रंगीची काठी लांब कशी काढू? आखूड काढावी लागली. पंधरा. चाळिशी उलटल्यावर मला पहिल्यांदा कळलं की 'जास्त' हा शब्द ऐकला म्हणजे मिळवायचंच असं नसतं. तिसरीच्या मास्तरनं मला याच गणितावर छडी मारली होती. चित्र काढायला लावलं असतं तर मी चौथीत गेलो असतो, असं मी आजही म्हणतो.

मग एका वर्षी पावसाळ्यात तपासणीचे साहेब आले. त्यांनी जमिनीवरची राख बघितली.

"बाई, हे काय? रांगोळीचा वर्ग चालवता का?"

तिनं समजावून सांगितलं. त्यांनी अर्धं ऐकलं. एका पोराला उठवून विचारलं, बारा साते किती. पोरगं ब्याऐंशी म्हणालं.

"पाढे येत नाहीत आणि चित्रं काढता. पाढे घ्या बाई, पाढे."

"पाढे घेते साहेब. पन पाढा कुठं लावायचा ते कळाय नको?"

साहेबांना ते लागलं. ते म्हणाले, वस्तीशाळा कमी करायच्या आहेत, वरून विचारणा आहे. दिवाळी झाली की मी परत येईन. शाब्दिक उदाहरणं मी माझी घालीन. जमली तर शाळा राहील, नाही तर ही पोरं ओढ्यापलीकडच्या शाळेत जोडून टाकू.

जोडून टाकू म्हणजे काय ते वस्तीत सगळ्यांना कळत होतं. पोरं तरी जातील, पोरी घरी बसतील. त्या वेळी शाळेत नऊ पोरी होत्या. ती रात्रंदिवस तेच धरून बसली. सकाळी आधी पाढे, मग वाघर. जमिनीवरची राख लेकरांच्या पायानं पुसायची, म्हणून पोत्याची मोठी वाघर करून भिंतीला टांगायची असं तिनं ठरवलं. साहेबांचा निरोप आला मंगळवारचा. आम्ही दोरी मारली रविवारी.

सोमवारी दुपारी तिला जाळलं. लेक सासरहून, हट्ट्याहून येईपर्यंत थांबलो. पोरगा नाही मला, अग्नी मीच दिला. ओढ्यावर आंघोळ करून घरी आलो. माणसं अंगणात बसली होती. मग चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आता तेरा दिवस शाळा न्हाई."

"काहून?"

"काहून काय? सुतक हाय. सगळी भावकी हाय. देवळाची पायरी कोनतं लेकरू चढंल?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळा देवळात, आणि एक घर सोडलं तर सगळ्या वस्तीला सुतक. सुतकात देऊळ बंद. तिच्याच मरणानं तिची शाळा तेरा दिवस बंद पडत होती, आणि ती पण नेमकी आता.

मी म्हटलं, "उद्या साहेब येऊन राहिला."

"येऊ दे. बंद बघून जाईल."

"बंद बघून गेला तर कायमची बंद करील."

"घरात मयत झालीय दादा. मानसाला कळतंय."

"मानसाला कळतंय. कागदाला न्हाई कळत."

लेक आतून म्हणाली, "बाबा, उद्याच्या दिवस तरी शांत बसा. लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "लोक काय म्हणतात ते मी चाळीस वर्सं ऐकून राहिलो. त्यात नवं काही नसतंय." ती रडायला लागली. मी तिच्याजवळ बसलो, पण मन ठरलं होतं.

मंगळवारी सकाळी उठलो. आंघोळ केली, डोक्याला पंचा बांधला आणि घरोघर गेलो. कोणाच्या उंबऱ्याच्या आत गेलो नाही. दारात उभं राहून म्हटलं, "लेकरू पाठवा. देवळात न्हाई, लिंबाखाली." देवळापासून पंधरा-वीस पावलांवर मोठा लिंब आहे. एक-दोन बायका कुजबुजल्या. एक जण म्हणाली, "भावजी, सुतकात कसली शाळा?" मी म्हटलं, "सुतक मला बी हाय, तुमच्या लेकराला बी हाय. मंग इटाळ कोनाचा कोनाला व्हनार?" तिनं आत हाक मारली आणि लेकरू पाठवलं.

भावाच्या दारात सगळ्यांत शेवटी गेलो. तो बाजेवर बसला होता. माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. त्याची पोरगी आता चौथीत होती. ती त्याला न विचारता दप्तर घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढं चालायला लागली. त्यानं तिला अडवलं नाही.

लेकरं लिंबाखाली बसली. आता फळा, खडू, चिंचोक्यांचा डबा, हजेरीबुक, सगळं वर मंडपात. पायरी चढायची कोणी? सगळी लेकरं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात पिंजाऱ्याची म्हातारी नातू-नातीला घेऊन आली. तिला सगळं ठाऊक होतं. ती तिथूनच नातवाला म्हणाली, "जा रे, तुमको कहाँ का सुतक? उतार के लाव सब." दोघं भावंडं पायरी चढली, मारुतीपुढून फळा उचलला आणि खाली आणला. मग डबा, मग हजेरी. म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई अच्छी थी. बसा तुमी, पढावा." आणि दूर जाऊन दगडावर बसली.

मला पढवता येत नव्हतं. मी उभा राहिलो, सगळी लेकरं माझ्याकडं बघून राहिली. बाईबद्दल काही बोलावं असं त्यांना वाटत असेल. माझ्यानं बोलवलं नसतं. पोत्याची वाघर अंगणातच अर्धी राहिली होती; मी काडी घेतली आणि म्हटलं, "काढा रे वाघर. आपापली." लिंबाखालच्या धुळीत बावीस वाघरी उठल्या. कोणाच्या वाकड्या, कोणाच्या सरळ. पहिलीतल्या एकानं पाच कप्पे काढले. शेजारचीनं हातानं एक पुसून टाकला.

साहेब मोटारसायकलवर आले. गाडी लावली, आधी रिकाम्या मंडपाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"शाळा बाहेर का? बाई कुठे आहेत?"

लेकरांनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, "काल जाळलं तिला."

साहेबांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात केली. मग म्हणाले, "मग आज राहू द्या. मी परत येईन."

"कवा याल?"

"बघू. वरून कसं होतं त्यावर."

"आता आलात तर आताच घ्या साहेब. लेकरं हजर हायत."

"अहो, पण शिकवायला कोणी नाही. तुम्ही शिकवता का?"

"मी तिसरी शिकलोय. मी काय शिकवनार. शिकवून झालंय त्याइचं. तुमी फकस्त विचारा."

ते बसले नाहीत. उभ्यानंच पिशवीतून कागद काढला. दोन वेळा घसा साफ केला आणि वाचलं, "एका बागेत पेरूची पंचेचाळीस झाडं आहेत. पेरूची झाडं सीताफळाच्या झाडांपेक्षा नऊने जास्त आहेत. तर सीताफळाची झाडं किती?"

तिसरीतलं एक पोरगं लगेच ओरडलं, "चौपन्न." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी स्वतः असंच पंचवीस म्हणालो होतो. मी एवढंच म्हटलं, "कप्पे भरले का?" पोरगं खाली बघून भरायला लागलं.

भावाच्या पोरीनं वर बघितलंच नव्हतं. पहिल्या कप्प्यात तिनं लिहिलं, पेरू पंचेचाळीस, नऊ जास्त. दुसऱ्यात, सीताफळ किती. तिसऱ्यात लांब काठी ओढली, तिच्याखाली दुसरी ओढायला लागली आणि मधेच थांबवली. वरच्या काठीचा उरलेला तुकडा बोटानं गोल केला आणि त्यात नऊ लिहिलं. चौथ्यात छत्तीस. मग छत्तीस आणि नऊ मिळवून बघितले, मान हलवली आणि उभी राहिली.

"छत्तीस."

साहेब वाकून तिची धूळ बघायला लागले. "गणितात जास्त म्हटलंय ना? मग मिळवले का नाहीत?"

"जास्त पेरू हायत सर. सीताफळ न्हाईत. सीताफळाची काठी आखूड हाय, ही बघा."

"पाठ केलंय का हे?"

"न्हाई सर. दिसून राहिलंय ना."

चौपन्नवाल्या पोरानं आपली धूळ पुसली आणि छत्तीस लिहिलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी ते बघितलं, हे मला दिसलं. त्यांनी मग आणखी दोन गणितं घातली. एकात नको ती माहिती घातलेली होती, डब्याचं झाकण किती वजनाचं वगैरे. लेकरांनी ते झाकण कोणत्याच कप्प्यात घेतलं नाही. एक पोरगी म्हणाली, "सर, झाकण कुठं ठिवायचं? त्याला जागा न्हाई." साहेब हसले. तिसऱ्या गणिताला दोघा-तिघांचं चुकलं, बाकीच्यांचं बराबर आलं. मग त्यांनी एका पोराला बारा साते विचारलं. पोरगं चौऱ्याऐंशी म्हणालं. बरं झालं.

भाऊ केव्हा आला मला कळलं नाही. लिंबापासून लांब, काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. पोरीचं उत्तर त्यानं ऐकलं होतं.

साहेबांनी हजेरीबुक मागितलं. मी ते उघडलं. शनिवारपर्यंत तिच्या हातच्या खुणा होत्या, एकसारख्या, बारीक. पुढं कोरं. माझ्या डोळ्यांपुढं थोडा वेळ ते पान दिसेनासं झालं. साहेब थांबले.

"सोमवारी काय लिहायचं?" मी विचारलं.

"शाळा बंद लिहा. कारण मी लिहितो."

मग मी आजची हजेरी घेतली. नावं वाचायला मला वेळ लागला. तिचं अक्षर चांगलं होतं, माझंच वाचणं कच्चं. लेकरांनी न हसता एकेकानं 'हजर' म्हटलं. खाली शिक्षकाच्या सहीची जागा होती. साहेब म्हणाले, "करा सही."

"माझी चालत न्हाई. मी मास्तर न्हाई."

"आजच्या दिवसाची करा. उघडली कोणी शाळा? तुम्हीच ना."

मी सही केली. माझी सही मोठी येते, ती दोन नावांवर गेली. साहेबांनी आपल्या कागदावर काही लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. शाळा सुरू आहे, मुलांची गणितातली समज चांगली आहे, दुसरी शिक्षिका मिळेपर्यंत शाळा चालू ठेवावी. 'समज' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "ही वाघर की काय, मला कागदावर काढून द्या कोणी तरी." भावाच्या पोरीनं दिली. त्यांनी घडी करून खिशात ठेवली, मला नमस्कार केला आणि गेले.

भाऊ जवळ आला. "दादा, चल आता घरी. मानसं येऊन बसली हायत."

"कितीक वाजले?"

"दहा वाजले असतील."

"शाळा साडेबाराला सुटती. त्याइला म्हनाव बसा, च्या घ्या. मी येतो."

तो तिथंच लिंबाच्या मुळीवर बसला.

त्याची पोरगी म्हणाली, "आबा, पुढचं गनित?"

गणितं तिच्या डोक्यात असायची. वहीत लिहिलेली असतील तर ती वही कुठं होती मला ठाऊक नव्हतं. मी इकडं तिकडं बघितलं आणि जे दिसलं त्याचं केलं. म्हटलं, लिंबाखाली बसलेल्या लेकरांतलं एक कमी केलं तर बाकीची देवळाच्या पायऱ्यांच्या तिप्पट आहेत, मग पायऱ्या किती? लेकरं पायऱ्यांकडं बघायला लागली. मी म्हटलं, "मोजायच्या न्हाईत. आधी कप्पे." तिप्पट मी अंदाजानं म्हटलं होतं, उत्तर आधी काढून ठेवलेलं नव्हतं. पोरीच्या बाजूला धुळीत बसलो, काडी घेतली आणि माझा पहिला कप्पा आखायला लागलो.